शकुंतलेचा धुरा कोण कोरतंय?

वऱ्हाडात भावाभावांची कोर्टकचेरी वावरावरून कमी आणि धुऱ्यावरून जास्त होते. दोन वावरांमधली ती हातभर पट्टी कुणी एका दिवसात गिळत नाही. दर हंगामाला वखराचं एक तास पलीकडे सरकतं, धुऱ्यावरची बोर एखाद्या उन्हाळ्यात तुटते, आणि दहा वर्षांनी मोजणीवाला येतो तेव्हा धुरा नकाशात एकीकडे आणि वावरात दुसरीकडे निघतो. शकुंतला रेल्वेच्या जमिनीचं नेमकं हेच व्हायला लागलं आहे. मूर्तिजापूरहून एका अंगाला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत आणि दुसऱ्या अंगाला दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरपर्यंत मिळून जवळपास १९० किलोमीटरचा हा सलग सार्वजनिक पट्टा आहे. पुलगाव–आर्वीची ३५ किलोमीटरची लाइन याच कुळातली. गेल्या काही वर्षांत एकेक करत या लाइनींवरच्या गाड्या थांबल्या. रिकाम्या पट्ट्याचं काय करायचं यावर तेव्हापासून बोललं भरपूर गेलं, पण बहुतेक वेळा भलत्याच प्रश्नावर.

बंद लाइनवर चालायची आणि सायकलची वाट करा असं कुणी म्हटलं की दोन गट लगेच उभे राहतात. एक म्हणतो, आम्हाला ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची मोठी लाइन, पाहिजे, पायवाट म्हणजे आमच्या तोंडाला पानं पुसणं. दुसरा म्हणतो, गाडी काही येत नाही, मग निदान डांबरी रस्ता करा किंवा शहरातल्या जागेवर गाळे काढा, सायकलचे चोचले कुणाला हवेत? दोघं एकमेकांवर तुटून पडतात आणि दोघंही एक गोष्ट धरून चालतात की आपला निकाल लागेपर्यंत जमीन आहे तिथेच थांबेल. ती थांबत नसते. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. गावं आणि तालुक्याची शहरं यांच्या लगतच्या तुकड्यांवर सरकारी पैशातून मुरुमाची वाट करावी. जमीन रेल्वेच्याच ताब्यात राहावी, आणि रेल्वे परत आली की वाट बाजूला होईल हे करारात लिहून ठेवावं. ब्रॉडगेजची मागणी सोडू नये. उलट ज्यांना ती मनापासून हवी आहे त्यांनीच ही वाट आधी मागावी, कारण पट्टा राखण्याचा यापेक्षा स्वस्त उपाय नाही.

ब्रॉडगेजवाल्यांची भीती मात्र खोटी नाही. शकुंतला ही नुसती गाडी नव्हती. अडीच फुटी गेजच्या, म्हणजे दोन रुळांत तेवढंच अंतर असलेल्या, या लाइनसाठी मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने कंपनी काढली ती वऱ्हाडचा कापूस मुख्य लाइनवर आणून टाकायला. पण शेवटची तीस-चाळीस वर्षं तिच्यात बसला तो एसटीचं तिकीट न परवडणारा माणूस. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होतं आणि नंतर डिझेल आलं, तरी ताशी विसेक किलोमीटरच्या वर ती फारशी गेली नाही. (तिची मालकी अजून इंग्रजांकडे आहे आणि पैसा लंडनला जातो, हे फॉरवर्ड दर सहा महिन्यांनी फिरतं. पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातात गेली, हे त्यात कधी नसतं.) २०१६ मध्ये सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजसाठी सुमारे १५०० कोटींची घोषणा झाली. तेवढ्यावर वर्षानुवर्षं बसलेल्या माणसाला 'तोवर सायकल चालवा' म्हटलं तर तो चिडणारच. त्याचा मुद्दा असा की एकदा वाट झाली, फीत कापली गेली, की दिल्लीला कारण मिळेल: तुमच्या जमिनीचा वापर झाला, आता रेल्वे कशाला? हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत परत रेल्वे घालता यावी म्हणून राखलेल्या लाइनींपैकी खरोखर परत रेल्वे आलेल्या फारच थोड्या आहेत.

पण मग वाट न केलेल्या ठिकाणी काय झालं? स्कॉटलंडमध्ये एडिनबरापासून दक्षिणेकडे जाणारी वेव्हरली लाइन जानेवारी १९६९ मध्ये बंद झाली. लोक तेव्हाही चिडले, मोर्चे निघाले, पुढे पुन्हा लाइनची मागणी लावून धरली. मधल्या काळात पट्टा सलग राखण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. एडिनबराचा बाह्यवळण रस्ता थेट जुन्या लाइनला कापून गेला. २०१५ च्या सप्टेंबरात गाडी परत धावली ती जुन्या लाइनच्या जेमतेम एक तृतीयांश लांबीवर, आणि त्या बाह्यवळणाखालून नवा मार्ग काढावा लागला. शेहेचाळीस वर्षांनी गाडी आली खरी, पण जी जमीन फुकट होती तिच्यासाठी पुन्हा पैसे मोजून. इथे रेल्वे कुणी अडवली? पायवाटेने तर नाही.

इतकं लांब जायची गरजही नाही. दारव्ह्याहून पुसदला जाणारी छोट्या गेजची शाखा होती. तिचे रूळ केव्हाच उखडले गेले आणि ती कुठून जायची हे आता जुन्या माणसाला विचारावं लागतं. आणि आज वर्धा–यवतमाळ–नांदेड ही नवी ब्रॉडगेज कुठून चालली आहे? दारव्हा, दिग्रस, पुसद. वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला, पुढचं काम चालू आहे, आणि त्यासाठी गावोगाव भूसंपादन, मोबदला, वाढीव मोबदल्याचे दावे हे सगळं नव्याने करावं लागलं. जुन्या शाखेचा सगळा पट्टा ब्रॉडगेजला कामी आला असता असं नाही, त्याचं कारण पुढे येईल. पण गावाच्या शिवारात रेल्वेच्या नावाची सलग पट्टी शिल्लक असणं आणि दीडशे खातेदारांकडून ती गुंठ्यागुंठ्याने घेणं यातला फरक भूसंपादनाच्या कचेरीत एक दिवस बसलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

अमेरिकेने हा पेच कायद्याने सोडवला. विस्कॉन्सिनमध्ये एलरॉय ते स्पार्टा ही तीन बोगद्यांची, पन्नासेक किलोमीटरची बंद लाइन राज्याने १९६५ मध्ये विकत घेतली आणि १९६७ मध्ये ती सायकलवाट झाली. त्या धर्तीच्या वाटांची ही सुरुवात मानली जाते. पुढे लाइनी भराभर बंद पडू लागल्या तेव्हा १९८३ मध्ये तिथल्या संसदेने तरतूद केली की पट्ट्यावर वाट केली तर तो 'सोडून दिलेला' धरायचा नाही, भावी रेल्वेसाठी राखलेला धरायचा. इंग्रजीत याला रेलबँकिंग म्हणतात, म्हणजे जमीन बँकेत ठेवल्यासारखी. हे न करता लाइन सोडली की काय होतं ते २०१४ च्या ब्रँट खटल्यात दिसलं. रेल्वेला फक्त वहिवाटीचा हक्क होता, लाइन सोडली तसा तो संपला आणि जमीन शेजारच्या मालकाकडे गेली, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी ठरवलं. आपल्याकडे अशी तरतूद नाही. म्हणून रेल्वे, राज्य सरकार आणि जिल्हा परिषद किंवा नगर परिषद असा तिघांचा करार लागेल. जमिनीचा हक्क हस्तांतरित होणार नाही. वापराची परवानगी ठरावीक मुदतीची. पक्कं बांधकाम काहीही नाही, म्हणजे सभामंडप नाही, पुतळा नाही, 'सेल्फी पॉइंट' तर नाहीच. आणि रेल्वेने ठरावीक महिन्यांची नोटीस दिली की वाट हटेल. हे पानभर कलम म्हणजेच ब्रॉडगेजवाल्यांच्या भीतीला उत्तर. ते नसेल तर या लेखातलं बाकी सगळं मी मागे घ्यायला तयार आहे.

आणखी एक गोष्ट त्या गटात कुणी उघड बोलत नाही. छोट्या गेजच्या भरावावर ब्रॉडगेज जशीच्या तशी बसत नाही. रेल्वेच्या नियमात छोट्या गेजला ४० अंशांचं, म्हणजे ४४ मीटर त्रिज्येचं वळण चालतं. ब्रॉडगेजला १० अंश, म्हणजे १७५ मीटर, ही शेवटची मर्यादा. छोट्या गेजच्या भरावाचा माथा साधारण पावणेचार मीटरचा असतो, ब्रॉडगेजला सात-आठ मीटर लागतो. मोऱ्या लांबवाव्या लागतात, पुलांचे गर्डर बदलावे लागतात, आणि शहरातली तीव्र वळणं बहुतेक ठिकाणी सोडून बाहेरून नवी लाइन घ्यावी लागते. नागपूर–नागभीड ही लाइन रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. तिथलं काम पाहिलेल्या कुणालाही विचारा, जुना भराव हा नव्याचा फक्त गाभा असतो. तेव्हा उद्या ब्रॉडगेज आलीच तर शहरातले कितीतरी तुकडे तिला लागणारच नाहीत, आणि जे लागतील त्यांवर मुरुमाचा वीतभर थर असणं ही अडचण नाही. अडचण असेल ती तिथे चढलेल्या दुमजली घराची.

एकाच पट्ट्यावर दोन्ही नांदूही शकतात. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ ही २१ किलोमीटरची सायकलवाट १९७९ ते १९८६ या काळात बंद लाइनवर झाली, सुरुवातीचा तुकडा तर हौशी सायकलवाल्यांनी स्वतः घमेली उचलून केला. तिच्याच एका भागात, बिटन स्टेशनाजवळ, शेजारच्या रुळावर आजही जुनी वाफेची गाडी धावते. पलीकडे सायकली, अलीकडे इंजिन, मध्ये कुंपण.

आता दुसरा गट. 'ज्या विदर्भात शेतकरी फास घेतो तिथे सायकल ट्रॅक?' हा प्रश्न ऐकायला बिनतोड वाटतो. तो तसा वाटतो याला जबाबदार वाटेचे समर्थकच आहेत, कारण ते फोटो दाखवतात न्यूयॉर्कच्या हाय लाइनचे. १९८० मध्ये शेवटची मालगाडी गेलेल्या त्या उन्नत लाइनवर २००९ मध्ये बाग झाली आणि आजूबाजूच्या जागांचे भाव आभाळाला भिडले. तिथे शहरातल्या गुंतवणुकीचं गणित होतं. पॅरिसची १९९३ ची उन्नत बागही त्याच जातीची. दर्यापूरला तिचा काय उपयोग? न्यूझीलंडच्या ओटागोची १५० किलोमीटरची वाट निदान ग्रामीण आहे, तिने मरत चाललेल्या खेड्यांत खानावळी आणि मुक्कामाच्या खोल्या उभ्या केल्या. पण तीही जगली पर्यटकांवर. मे महिन्यात ४५ अंशांत कारंजा ते दारव्हा सायकल हाणायला कुठलाही पर्यटक येणार नाही, आणि येईल असं सांगून निधी मागणारा माणूस एक तर भोळा आहे किंवा ठेकेदार.

वाट हवी आहे ती रोज सायकलवर बसणाऱ्यासाठी. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सरकार सायकल देतं. चांगली योजना आहे. पण ती सायकल चालते कुठे? राज्यमार्गाच्या कडेला, डांबर आणि साइडपट्टी यांच्यातल्या चार बोटांच्या पायरीवर, मागून तुरीच्या पोत्यांचा ट्रक आणि समोरून वाळूचा टिप्पर. ट्रकने हॉर्न दिला की पोरगी खाली उतरते, पुढचं चाक त्या पायरीत वाकडं होतं. सरकारने सायकलीवर पैसा खर्च केलाच आहे, म्हणजे 'सायकलचे चोचले' हा वाद तिथेच संपला. उरलेला प्रश्न फक्त वाटेचा. आणि शकुंतलेची लाइन नेमकी खेड्यातून निघून तालुक्याच्या गावात, बाजारपेठ आणि जिनिंगच्या मागे शिरते. ती घातलीच होती गावचा माल बाजारात न्यायला. शाळा, आठवडी बाजार, सरकारी दवाखाना हे सगळं तिच्या दोन-अडीच किलोमीटरच्या आत पडतं. रुळाला चढ सहन होत नाही, म्हणून सायकलीलाही दम लागत नाही. मजुरीला निघालेल्या बायका, सकाळी दूध घालणारा, फवारणीचा पंप कॅरियरला बांधलेला गडी ही तिथली गिऱ्हाइकं.

यातूनच माझा दुसरा आग्रह येतो. १९० किलोमीटर एकदम करू नका. प्रत्येक मोठ्या स्टेशनापासून दोन्ही बाजूंना पाच-पाच किलोमीटर करा. शिवारातला पट्टा वखराने कोरला जातो, दर वर्षी थोडाथोडा. शहरातला पट्टा मात्र एका रात्रीत जातो: आधी टपरी, मग टिनाचं शेड, मग नगर परिषदेची कर पावती आणि मीटर. शहरातले दोन किलोमीटर गेले की उरलेले सत्तर किलोमीटर कुठेच न पोचणारी पट्टी होते. सिंगापूरने मलेशियाची लाइन २०११ मध्ये बंद होताच २४ किलोमीटरचा सगळा पट्टा एकसंध ठेवायचा निर्णय आधी घेतला आणि नक्षीकाम मागाहून केलं. क्रम महत्त्वाचा आहे.

काम काय, किती? अडीच मीटर रुंदीची वाट पुरते. माथा पावणेचार मीटरचा असल्याने दोन्ही बाजूंना साठेक सेंटीमीटरची पट्टी उरते, आणि ती उरलीच पाहिजे. रूळ आणि स्लीपर निघाले की खालची गिट्टी उचलून न्यायची नाही, तीच पसरून पाया करायची. त्यावर मुरूम, दाबून १५ सेंटीमीटर. किलोमीटरला ३७५ घनमीटर, म्हणजे १३२ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). सुटा मुरूम दाबल्यावर बसतो म्हणून मागवायचा १६५ ते १७० ब्रास. ब्रासभराची ट्रॉली धरली तर तेवढ्याच खेपा. हा मुरूम एकदम टाकून वरून रोलर फिरवला की वरचे चार बोटं घट्ट आणि खाली पोकळ, पहिल्या पावसात ताटासारखे खड्डे. दोन थरांत टाकायचा, प्रत्येक थर पाणी मारून. पाणी किती? मुठीत आवळल्यावर गोळा झाला पाहिजे पण तळव्याला चिखल राहता कामा नये. रोलर छोटा, दोन-तीन टनी कंपनाचा; आठ-दहा टनी रोलर काठाकडे गेला की जुना भराव खचतो आणि रोलरच खाली झोपतो. मधोमध पाच सेंटीमीटर उंचवटा, दोन्हीकडे उतार. वर क्रशरच्या चुरीचा पातळ थर मुरुमात मिसळून. काँक्रीट नको, पेव्हर ब्लॉक तर मुळीच नको. काळ्या मातीवर ते एका उन्हाळ्यात वरखाली होतात, आणि करारातलं 'पक्कं बांधकाम नाही' हे कलमही मोडतं.

काळी माती हा इथला खरा विरोधक. जुना भराव बऱ्याच ठिकाणी शेजारच्या वावरातलीच माती उकरून केलेला आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. उताराची बाजू आधी वाळते, मधला भाग ओला राहतो, म्हणून भेग पडते ती काठापासून दीड-दोन फुटांवर, लांबीला समांतर. नेमकी सायकलचं चाक शिरेल अशी. त्यासाठीच ती साठ सेंटीमीटरची पट्टी मोकळी ठेवायची आणि दर फेब्रुवारी-मार्चमध्ये भेगा मुरुमाने भरायच्या. सावलीच्या हौसेने लोक कडुनिंब काठावरच लावतात. त्याची मुळं पाणी ओढून भेग आणखी रुंद करतात. झाड भरावाच्या पायथ्याशी, पश्चिमेच्या अंगाला लावायचं, दुपारनंतरची सावली वाटेवर येते. आणि तीन उन्हाळे टँकरने पाणी द्यायची तरतूद अंदाजपत्रकात नसेल तर खड्डेसुद्धा खोदू नयेत. जिल्हाभर ट्री गार्ड उभे आहेत, आत झाड नाही.

मोऱ्यांकडे कुणी बघत नाही. सोयाबीनचं कुटार, प्लास्टिक आणि गाळ यांनी मोरी बुजली की वरच्या अंगाच्या वावरात पाणी साचतं, आणि शेतकरी एके रात्री जेसीबी लावून भरावच फोडतो. त्याला दोष देता येत नाही, पीक पिवळं पडत असताना कोण अर्ज करत बसेल? म्हणून जूनच्या आधी मोरी साफ करणं हे वाटेच्या देखभालीतलं पहिलं काम. लोखंडी पुलांवर स्लीपर काढले की खाली नाला दिसतो. ज्या गर्डरने इंजिन पेललं त्याला माणसं जड नाहीत, पण टेकूपाशी आणि रिव्हेटच्या कडेला गंज तपासून घ्यावाच लागतो. वर लाकडी फळ्या टाकल्या तर त्या पहिल्याच थंडीत शेकोटीला जातात. अडीच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद, दहा सेंटीमीटर जाड अशी तयार काँक्रीटची फळी तीनशे किलोच्या वर भरते. ती कुणी खांद्यावर नेत नाही, आणि रेल्वेला जागा हवी झाली तर क्रेनने उचलता येते. कठडा १.४ मीटरचा हवा, कमरेएवढ्या कठड्यावरून सायकलवाला सरळ पलीकडे जातो. बाकी, सराटा. भरावाच्या कडेला पावसाळ्यात पसरणारी ही वेल दिवाळीच्या सुमारास काटे वाळवते आणि त्यानंतर प्रत्येक सायकलची ट्यूब फुसकी. काटे धरण्याआधी, पोळ्याच्या आसपास, ती उपटली नाही तर मग वाट कितीही चांगली करा, पंक्चरचा खर्च सोसेनासा होऊन पोरी परत डांबरावर जातील.

शेतकऱ्याचा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. तो म्हणतो, माझ्या वावराला पांधन, म्हणजे बंडी न्यायची वाट, नाही, पावसाळ्यात बंडी रुतते, आणि तुम्ही इथे सायकलीसाठी मुरूम टाकता? पांधन रस्त्यांसाठी २०२१ पासून मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आहे, तिचा पैसा आणि हा पैसा एकमेकांत मिसळू नयेत, हे उत्तर खरं असलं तरी रुतलेल्या बंडीला पुरत नाही. जिथे रेल्वेची हद्द भरावाच्या पायथ्यापलीकडे रुंद आहे तिथे खाली पांधन आणि वर वाट, दोन्ही करता येतात आणि करावीत. माथ्यावर मात्र ट्रॅक्टर नको. ओल्या मुरुमावर भरलेल्या ट्रॉलीची एक खेप वर्षभराची चाकोरी पाडून जाते. तोंडाशी सव्वा मीटर अंतरावर दगडी खांब रोवले की ट्रॅक्टर आणि चारचाकी थांबतात. मोटारसायकल थांबत नाही. ती सायकलच्या वाटेने जाते, तिला अडवणारा कोणताही अडथळा अपंगांच्या तीनचाकीलाही अडवतो. शेजारचा शेतकरी मोटारसायकलवरून वावरात जाणार हे आधीच मान्य करून तोंडाशी वाकडं वळण देऊन वेग मोडावा. राहता राहिली चोरी. संत्र्याच्या बागा लाइनला लागून आहेत, वेचणीला आलेला कापूस उघडा असतो, वाट झाली तर हात मारणाऱ्याची सोय होईल अशी धास्ती आहे. पण आज तोच भराव झुडपांनी वेढलेला आणि निर्मनुष्य आहे. चोराला कोणतं जास्त सोयीचं?

निर्मनुष्य जागेचा प्रश्न बायकांच्या बाबतीत मात्र उलटा पडू शकतो, आणि इथे मी समर्थकांच्या बाजूने बोलणार नाही. गावापासून तीन किलोमीटरवरची, दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी उभी असलेली वाट संध्याकाळी सहानंतर कुठलीही आई पोरीला वापरू देणार नाही. सोलर दिवे लावू म्हणणाऱ्यांनी गावातले सोलर दिवे मोजावेत. सगळ्यात आधी बॅटरी जाते, मग पॅनल. ही वाट शाळा सुटण्याच्या वेळेची आहे, रात्रीची नाही. दर चार-पाचशे मीटरवर रस्त्याला किंवा वस्तीला उतरायची पायवाट आणि वेडी बाभूळ तोडून दोन्हीकडे दिसेल एवढी मोकळी नजर, एवढं करता येतं. त्याहून जास्त आश्वासन देऊ नये.

'पुण्यात काय झालं ते बघा' हेही खरं. बीआरटीच्या, म्हणजे बसच्या राखीव मार्गाच्या, कडेने केलेल्या सायकल मार्गांवर दुचाक्या लागल्या, डीपी उभे राहिले, हातगाड्या आल्या. ते पैसे वाया गेले कारण ते मार्ग रस्त्यातून कापून काढले होते आणि दर शंभर पावलांवर कुणाचं तरी दुकान त्यावर उतरत होतं. रेल्वेच्या भरावावर दुकान उतरत नाही. पण देखभालीचा मुद्दा तिथूनही उरतोच, आणि त्याचं आपलं उदाहरण पूर्व विदर्भात आहे. मालगुजारी, म्हणजे तिथली जमीनदारी, १९५१ मध्ये संपली, मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. पाण्याचा हक्क कागदावर नीट आला, गाळ काढणारा मात्र उरला नाही, कारण पाळ, म्हणजे तलावाचा बांध, कुणी सांभाळायची हे कुणाच्याच कामात लिहिलेलं नव्हतं. वाटेचं तसंच होईल, जर बांधकाम एका खात्याचं आणि देखभाल 'संबंधित यंत्रणेची' असेल. दर पाच किलोमीटरला ग्रामपंचायतीच्या नावावर एक माणूस, वर्षाचे ठरलेले दिवस: मोऱ्या, भेगा, सराटा, बाभूळ. महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. माती टाकणं, खोदणं, सफाई हे सगळं हमीच्या कामात बसतं. रोलर, चुरी आणि पुलाच्या फळ्या यांनाच वेगळा पैसा लागतो.

तो पैसा पायाखाली पडला आहे. दर यार्डाला चाळीस पौंडी रूळ धरला तर मीटरला वीस किलो, दोन रुळांचं मिळून किलोमीटरला चाळीस टन लोखंड, स्लीपर आणि फिशप्लेट वेगळ्या. त्या भंगारावर हक्क कंपनीचा की रेल्वेचा हे आधी ठरलं पाहिजे, नाहीतर प्रकरण कोर्टात दहा वर्षं जाईल आणि तोवर लोखंड भंगारवाल्याकडे. ठरलं, तर लिलावाचा पैसा त्याच पट्ट्याच्या खात्यात राहावा. एरवी तो तिजोरीत जमा होतो आणि वाट मागायला पुन्हा नव्याने निधी लागतो.

आणि या सगळ्याच्या आधी मोजणी. भूमी अभिलेखकडे अर्ज करून रेल्वेची हद्द कायम करायची, दर पन्नास मीटरला दगड गाडायचा, त्यावर नंबर कोरायचा, आणि प्रत्येक गावच्या चावडीवर नकाशा लावायचा. वाटेचा निर्णय पुढे काहीही होवो, हद्दीचे दगड दोन्ही गटांना लागणारच आहेत, आणि यात भांडण्यासारखं काही नाही. फक्त तारीख पेरणीच्या आधीची घ्यावी. एकदा पऱ्हाटी गुडघ्याला लागली की मोजणीवाल्याला कुणी वावरात पाय ठेवू देत नाही.